सदतीस अंश

पेच्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचा एक नियम होता. सुट्या केलेल्या प्रत्येक भागावर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर तारीख, आजार आणि काढणाऱ्याची सही करायची. नियम मामाचा. दुकानही मुळात मामाचंच. पेच्या हे नावसुद्धा मामानं ठेवलेलं, कारण नऊ वर्षांचा असताना त्यानं मामाचा पेचकस घेऊन भिंतीवरचं घड्याळ, शिलाई मशीन आणि आजोबांचा चष्मा एकाच दुपारी उघडला होता आणि सगळे स्क्रू एकाच वाटीत ठेवले होते. आजोबांच्या चष्म्याला शेवटपर्यंत घड्याळाचा एक स्क्रू होता. चष्मा वेळेवर सापडायचा, असं मामा म्हणे.

मामा आठ महिन्यांपूर्वी गेला. दुपारी जेवून झोपला आणि उठला नाही. अशा वेळी लोक कपाटं आवरतात, कपडे वाटून टाकतात. पेच्याला तेवढं सुचलं नाही. त्यानं मामाच्या खोलीतला डेस्कटॉप उघडला, आतली धूळ ब्रशनं काढली, डोळे पुसले आणि प्रेमापोटी सगळं अपडेट करून टाकलं.

ती त्याची चूक. ती कळली आठ महिन्यांनी, एका रविवारी.

मामी टायपिंगची शिक्षिका होती. पाठ करून उभी असली तरी शेवटच्या बाकावरच्या मुलीचं चुकलेलं अक्षर तिला आवाजावरून कळायचं. आता डावा कान कधीच गेलेला, उजवा जात आलेला. तिच्याशी समोर बसून, तोंड नीट उघडून बोलावं लागे. फारच अडलं तर पेच्या चिकटपट्टीवर लिहून टेबलाला चिकटवत असे. गुरुवारी उजव्या कानाचं ऑपरेशन होतं. आत एक यंत्र बसणार होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की त्यानंतर कानाचं स्वतःचं उरलंसुरलं ऐकणं बहुतेक जाईल. पुढे जे ऐकू येईल ते यंत्रातून, आणि सुरुवातीला सगळ्यांचे आवाज डब्यात बसून बोलल्यासारखे लागतील.

"त्याआधी मला त्या पाच कॅसेटी ऐकायच्यात," मामी म्हणाली. "माझ्या कानानं."

लग्नानंतर चार वर्षं मामा मालवाहू जहाजावर रेडिओ दुरुस्त करायला होता. तो पत्रं लिहीत नसे, कॅसेटी पाठवत असे. एकूण एकतीस. सगळ्या इंजिन रूमशेजारच्या खोलीत भरलेल्या, त्यामुळे त्यांत नव्वद टक्के इंजिन आणि दहा टक्के मामा. म्हातारपणी त्यानं त्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि इंजिन वजा करून स्वतःला वेगळा काढायचा प्रोग्राम बसवला. हे काम साध्या प्रोसेसरला झेपत नाही. एकाच वेळी हजारो बेरजा करणारं ग्राफिक्स कार्ड लागतं. मामाकडे तेरा वर्षांचं एक कार्ड होतं, विटेएवढं. प्रोग्राम त्यानं त्याच कार्डाच्या मापानं बेतला होता. सव्वीस कॅसेटी झाल्या आणि मामा संपला.

आता प्रोग्राम चालू केला की एकच वाक्य यायचं: गणनेसाठी योग्य उपकरण सापडले नाही.

पेच्याला कारण लगेच कळलं. कार्ड आणि कॉम्प्युटर एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मधे ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम असतो, अबोला धरलेल्या दोन भावांमधल्या आत्यासारखा. पेच्यानं अपडेट केल्यावर नवी आत्या आली होती आणि तिनं या भावाला ओळखच दिली नव्हती. कंपनीनं इतक्या जुन्या कार्डांचा आधार काढून घेतला होता.

रविवारभर त्यानं सगळं केलं. नवा ड्रायव्हर मुळापासून पुसला, जुना टाकला. कॉम्प्युटरनं तो नाकारला. दुकानातलं नवंकोरं कार्ड आणून लावलं. मामाच्या प्रोग्रामनं ते नाकारलं. मग त्यानं आवाज साफ करणारा आजकालचा प्रोग्राम वापरून एक नमुना मामीच्या हेडफोनवर लावला. नव्या प्रोग्रामनं इंजिनासोबत मामाचं खाकरणं, दम घेणं आणि वाक्याआधीचं 'अं' हेही कचरा समजून काढून टाकलं होतं.

मामीनं शांतपणे ऐकलं आणि हेडफोन उतरवला. "हे तुझे मामा नाहीत. हे बातम्या देतायत."

शेवटी त्यानं मामाचं कार्ड बाहेर काढलं. त्याच्यावर आधीच एक पिवळी पडलेली पट्टी होती, मामाच्या अक्षरात: पंखा बदलला, आता घोरत नाही. पेच्यानं शेजारी स्वतःची पट्टी लावली: तारीख, ओळख पटत नाही, सही. कार्ड कोमट लागलं. कॉम्प्युटर तासभर बंद होता, पण खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून त्यानं ते मनावर घेतलं नाही. कार्ड टॉवेलवर ठेवलं आणि केवळ काहीतरी केल्याचं समाधान म्हणून प्रोग्राम नुसत्या प्रोसेसरवर चालू करून दिला. पडद्यावर आलं: बाकी वेळ, एकोणीस दिवस. मामीला त्यानं आकडा दाखवला. मामीनं बोटांवर रविवार ते गुरुवार मोजलं आणि चहा टाकायला उठली.

सोमवारी संध्याकाळी तो दुकान बंद करून आला तेव्हा सत्ताविसावी कॅसेट पूर्ण झालेली होती.

त्यानं लॉग उघडला. प्रोग्राम काय करतो त्याची तिथे ओळीनं नोंद असते. उपकरण: ग्राफिक्स कार्ड, स्लॉट एक. स्थिती: उत्तम. तापमान: सदतीस अंश.

पेच्यानं वाकून कार्ड खोचायचा तो स्लॉट एक पाहिला. रिकामा होता. त्यानं बोट घालून पाहिलं. बोटाला धूळ लागली. कार्ड टॉवेलवर होतं.

तो हुशार माणूस होता, त्यामुळे त्यानं लगेच स्वतःची समजूत घातली: लॉगमध्ये जुनी ओळ छापली जाते. मग त्यानं पिशवीतून लांबून तापमान मोजायचं पिस्तूल काढलं आणि कार्डावर धरलं. सदतीस. टेबलावर धरलं. सव्वीस. कार्ड लोखंडी कपाटात ठेवून अर्ध्या तासानं मोजलं. सदतीस. त्यानं ते फरशीवर ठेवलं, पंख्याखाली ठेवलं, पाच मिनिटं चक्क फ्रिजमध्येही ठेवलं. मामीनं ते बाहेर काढलं आणि टॉवेलात गुंडाळलं.

"त्यांचं अंग गरमच असायचं," ती म्हणाली. "थंडीत पाय टेकवायला बरं पडायचं."

पेच्यानं पट्टीवर लिहिलं, मामी, हे कार्ड आहे. मामीनं ते वाचून मान डोलावली, जशी आपण लहान मुलांपुढे डोलावतो.

सत्ताविसावी कॅसेट दोघांनी मिळून ऐकली. मामा स्वच्छ बोलत होता. 'ऐकतेस ना?' अशी सुरुवात, आणि मग तीन सेकंद शांतता. प्रत्येक प्रश्नानंतर तो उत्तरासाठी थांबत असे. कॅसेटीला उत्तर देता येत नाही हे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला कळायला हवं होतं, पण मामीचं म्हणणं, ती तेव्हाही त्या जागेत उत्तर द्यायची आणि पुढचं बोलणं बरोबर जुळायचं. आताही तिनं हेडफोन घट्ट धरून "हो, ऐकतेय" म्हटलं. जहाजावरच्या आचाऱ्यालाच बोट लागते, असं मामा सांगू लागला.

मंगळवारी अठ्ठावीस आणि एकोणतीस झाल्या. स्लॉट रिकामाच होता. पेच्यानं आता बघणं सोडलं होतं; फक्त येताना आणि जाताना एकदा बोट घालायचा.

बुधवारी सकाळी तिसावी.

मामा त्यात कपडे वाळत घालण्याविषयी बोलत होता. जहाजावर वाऱ्यानं त्याचा एक शर्ट गेला होता आणि तो दुसऱ्या देशात पोचला असणार याचं त्याला कौतुक वाटत होतं. मग तो खाकरला.

"आणि पेच्याला म्हणावं, चालू असलेल्या वस्तूला उगाच अपडेट करू नये."

मग तीन सेकंद शांतता.

पेच्यानं आवाज थांबवला. बिस्किटांच्या डब्यातून मूळ कॅसेट काढली. तिच्यावर मामीच्या अक्षरात तारीख होती, पेच्याच्या जन्माच्या दोन वर्षं आधीची. त्यानं ती जुन्या कॅसेट प्लेअरमध्ये घातली आणि ती जागा शोधली. शर्ट उडाला. खाकरणं झालं. पुढे इंजिन होतं, नुसतं इंजिन.

त्यानं तीनदा ऐकलं.

"बरोबरच बोलले," मामी म्हणाली.

"सॉरी मामा," पेच्या टॉवेलाकडे बघून म्हणाला. मग त्यानं खोलीत आणखी कुणी नाही ना हे पाहिलं.

एकतिसावी त्याच संध्याकाळी झाली. ती ऐकताना मामीनं पेच्याला बाहेर बसायला सांगितलं. दारातून तिचं बोलणं ऐकू येत होतं: हो. नाही. छे, अजिबात नाही. मग खूप वेळ हसणं. ती बाहेर आली तेव्हा तिनं बॅग भरायला घेतली, ऑपरेशनची. टॉवेलात गुंडाळलेलं कार्ड तिनं पेच्याच्या हातात दिलं. "उद्या यांना घरी एकटं ठेवू नकोस. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा काय झालं होतं, माहितेय ना?"

ते सगळ्या घराला माहीत होतं. मामी खुर्चीत बसली आणि बाहेर मामाला सणसणून ताप भरला. दातांच्या डॉक्टरांनी आधी त्यालाच आडवं केलं होतं.

गुरुवारी दहा वाजता मामीला आत नेलं. पेच्या कार्डाची बॅग मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसला. सव्वादहाला त्यानं बॅगेत पिस्तूल रोखलं.

अडतीस पूर्णांक दोन.

साडेदहाला अडतीस पूर्णांक नऊ.

अकराला एकोणचाळीस. कार्डावरचा पंखा हळूच फिरायला लागला. बॅगेत वायर नव्हती. पेच्यानं टॉवेल थोडा सैल केला आणि, दुसरं काही करण्यासारखं नसल्यानं, कार्डावर हात ठेवून बसला. एक नर्स थांबली. बॅगेत पिस्तूल रोखून बॅगेला थोपटणारा माणूस तिनं नीट पाहिला.

"तुमचा पेशंट आत आहे," ती म्हणाली.

"एक आत आहे," पेच्या म्हणाला.

पावणेबाराला डॉक्टर बाहेर आले आणि सगळं व्यवस्थित झालं म्हणाले. पंखा थांबला. पेच्यानं मोजलं. सदतीस.

महिन्यानं जखम भरली आणि यंत्र चालू करायचा दिवस आला. लहानशी खोली होती, भिंतींना आवाज शोषणारे जाड गादीसारखे तुकडे लावलेले. कानाची तपासणी करणाऱ्या बाईंनी मामीच्या कानामागे एक बटणाएवढा तुकडा बसवला आणि त्याची केबल आपल्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपनं सांगितलं: उपकरण सापडले नाही.

"ड्रायव्हरचं असतं हे," बाई म्हणाल्या. "अपडेट करून बघते."

"नको," पेच्या म्हणाला. इतक्या जोरात म्हणाला की त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. "थोडं थांबू या."

ते थांबले. साधारण तीन सेकंद गेले असतील.

उपकरण सापडले.

बाईंनी मामीसमोर मोठ्या अक्षरांचा कागद धरला: मी हळूहळू आवाज सुरू करेन. ऐकू आलं की हात वर करा. मामीनं मान हलवली. पेच्या तिचा चेहरा बघत होता. आधी तिच्या कपाळाला आठी पडली.

"इंजिन," ती म्हणाली.

मग आठी गेली.

"हो," ती म्हणाली. "ऐकतेय."

बाईंनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग पेच्याकडे. "मी अजून काही सुरूच केलेलं नाही."

पेच्यानं मांडीवरची बॅग उघडून मोजलं. कार्ड चोवीस अंश होतं, खुर्चीएवढंच. त्यानं हात लावून पाहिला. ती एक थंडगार, जुनी, विटेएवढी वस्तू होती.

घरी येताना मामी सगळ्या वाटेभर बडबडत होती. पेच्याशी थोडं, आणि बाकीचं मधे मधे थांबून. गाड्यांचे आवाज डब्यात बसल्यासारखे येतात, म्हणाली. पेच्याचाही तसाच. "सगळ्यांचे नाही पण," असं म्हणून ती खिडकीबाहेर बघून हसली.

ती चहा टाकायला गेली आणि पेच्या कार्ड कपाटात ठेवायला मामाच्या खोलीत शिरला. डेस्कटॉप महिनाभर चालूच होता. तो बंद करायची त्याची हिंमत झाली नव्हती. पडदा जागा झाला. एकतीस कॅसेटींपुढे 'पूर्ण' लिहिलेलं होतं.

त्यांच्या खाली बत्तिसावी ओळ होती. काम चालू. उपकरणाचं नाव लिहायची जागा कोरी. तापमान: सदतीस अंश.

बाकी वेळ: अकरा वर्षं, चार महिने, सहा दिवस.

स्वयंपाकघरातून मामीचं बोलणं ऐकू येत होतं. साखर किती घालू, असं ती विचारत होती, आणि त्याला नव्हे. त्यानं मनात तिचं वय धरलं, त्यात अकरा मिळवले, आणि झालेली बेरीज विसरून जायचं ठरवलं.

कोपऱ्यात एक छोटी चौकट वर आली: नवा अपडेट उपलब्ध आहे. आता करायचा की नंतर?

पेच्यानं अगदी हलक्या हातानं 'नंतर' दाबलं. मग एक पांढरी पट्टी फाडून त्यानं तारीख घातली, 'याला कुणी हात लावू नये' असं लिहून सही केली आणि पडद्याच्या कडेला चिकटवली. पट्टी अंगठ्यानं दाबून बसवत असताना, त्याच्या डोळ्यांसमोर, सहा दिवसांचे पाच झाले.