फक्त क्षिप्राला दिसणारा नकाशा

क्षिप्राच्या पडद्यावर नकाशा लख्ख दिसत होता. आजोबांच्या गाडीतल्या पडद्यावर मात्र तो काही केल्या उघडत नव्हता. पत्ता तोच, पान तेच. मग घोडं पेंड खात होतं कुठे?

त्या दिवशी चंद्रावरच्या शीतलवस्तीला चांद्रकंपाचा (चंद्राच्या जमिनीला बसणारा हादरा) चांगलाच दणका बसला होता. डोंगराची दरड कोसळून वाट बुजली आणि वस्तीचा जुना सर्व्हर (मागेल त्याला माहितीची पानं पुरवणारा संगणक) बंद पडला. खडकांचे नमुने आणायला गेलेले आजोबा, म्हणजे शास्त्रज्ञ रघुवीर सोमण, दरडीपलीकडे अडकले. मनोऱ्यावरच्या रडारने दगडांमधून नवी वाट शोधून नकाशा काढला खरा, पण तो त्यांच्यापर्यंत पोचवणार कोण? मोठी माणसं दूर बर्फाच्या खाणीवर होती. वस्तीत राहिली होती क्षिप्रा आणि बंब्या नावाचा यंत्रमानव. हा बंब्या आंघोळीच्या बंबासारखा गोल होता, आणि तापायलाही तसाच तयार.

क्षिप्राने अडगळीतला एक संगणक काढून त्याचा नवा सर्व्हर केला होता. तरी ही तऱ्हा.

"आजोबा, वाट तोंडीच सांगू का?" तिने रेडिओवर विचारलं.

"मघाशी सांगितलीस ना? चाक रुतलं धुळीत, कसंबसं काढलं. नकाशाच हवा, बाळा. बॅटरी उतरत चाललीय. ती संपली की गाडीतली हवा शुद्ध करणारं यंत्रही थांबेल."

क्षिप्राला रडू येत होतं, पण रडून सर्व्हर चालत नाही.

"घाबरू नकोस," आजोबा म्हणाले. "नव्या सर्व्हरला काय काय सांगितलंस?"

"पानं कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते सांगितलं. कोणी नुसता पत्ता टाकला, तर पहिलं पान नकाशाचं दाखवायचं, हे सांगितलं. आणि पोर्टचा आकडा दिला."

पोर्ट म्हणजे संगणकातली खिडकी. एकाच संगणकात अनेक प्रोग्रॅम बसलेले असतात; आलेली मागणी त्यांतल्या कोणाच्या खिडकीवर जायची, ते त्या आकड्यावरून ठरतं. क्षिप्राचा आकडा बरोबर होता.

"आणि मागणी कुठून आली तर ऐकायची?"

"ते मी तपासलंय," बंब्या ऐटीत म्हणाला. "फक्त याच संगणकावरून आलेली. अगदी सुरक्षित!"

आजोबांना त्या अवस्थेतही हसू आलं. "अरे दिवट्यांनो, मग तुमचा सर्व्हर स्वतःशीच बोलत बसलाय! क्षिप्रा त्याच संगणकावर बसून मागते, म्हणून तिला मिळतं. माझी मागणी येते रेडिओच्या जाळ्यावरून. तिकडे तो कानच देत नाही."

चंद्रावर वाढलेलं मूल चालायला लागतं तेव्हाच एक धडा गिरवतं: उघडं दिसलं की बंद करा. बाहेर हवा नाही, तेव्हा एक दार उघडं राहिलं की खेळ खलास. सेटिंगमध्ये जिथे जिथे 'खुलं' दिसलं, तिथे क्षिप्राने सवयीने 'बंद' करून टाकलं होतं, आणि बंब्याने शाबासकी दिली होती.

"पण खुलं केलं तर कोणीही येऊन नकाशा बिघडवेल!"

"वाचायची परवानगी वेगळी आणि बदलायची वेगळी. वाचू दे कोणालाही. बदलायचं मात्र फक्त तू."

क्षिप्राने तसं केलं, सेटिंग साठवलं. तरी आजोबांचा पडदा कोराच.

"अगं, सर्व्हर सेटिंग वाचतो ते सुरू होताना!" बंब्या तापला. "तो अजून जुन्याच हुकमावर चाललाय. बंद करून पुन्हा सुरू कर."

तिने सर्व्हर पुन्हा सुरू केला. नोंदींच्या पडद्यावर ओळ उमटली: गाडीने नकाशा मागितला, दिला.

"आला गं, आला!" आजोबा ओरडले. क्षिप्राने बंब्याच्या पोटावर आनंदाने थाप मारली आणि चटका बसलेला हात चोळला.

सर्व्हर आता जाळ्यावर सगळ्यांनाच दिसत होता. तेवढ्यात दुसरी ओळ उमटली. अनोळखी गाडीने नकाशा मागितला, दिला.

"कोण हा आगंतुक? बंद करू?" बंब्या म्हणाला.

क्षिप्राने क्षणभर विचार केला. "नको. दरडीत आजोबा एकटेच अडकले असतील कशावरून? वाचू दे."

आजोबांची गाडी वस्तीत शिरली, तेव्हा तिच्यामागे एक पिवळी गाडी रखडत येत होती. डोंगरापलीकडच्या वस्तीची. त्या वस्तीशी यांचं आजवर कधी बोलणंसुद्धा झालं नव्हतं. गाडी चालवणाऱ्या बाईंना मराठीचं अक्षर येत नव्हतं. मागच्या आसनावर त्यांचं लहान बाळ झोपलं होतं, आणि बॅटरीचा काटा तळाला टेकला होता.

बाईंनी नकाशाकडे बोट दाखवून कोणाचा म्हणून खुणेने विचारलं. आजोबांनी क्षिप्राला पुढे केलं. बाईंनी तिला जवळ घेतलं, आणि बराच वेळ सोडलंच नाही.