वाचणारे वीस, पाहणारे वीस

ही गोष्ट दोन हजार चोवीस सालच्या ऑगस्टमधली. पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण होऊन वर्ष होत आलं होतं, आणि गायत्रीबाईंना तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन पाच वर्षं. त्या आता सौसरला राहत.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन वाजला. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी अतिथी प्राध्यापक रश्मी बोलत होती.

"बाई, सोमवारी माझं काम जाऊन राहिलं. तुम्ही एकदा उत्तरपत्रिका पाहा. सर फक्त तुमचं ऐकतील."

गायत्रीबाईंचे कान तापले. या मुलीने आपल्याला फोन करावा असं आपण काही केलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

रश्मीने जुलैत पहिल्या वर्षाच्या चाळीस मुलांचे दोन गट करून पेशीविभाजनाचा एकच धडा दोन तऱ्हांनी शिकवला होता. वीस जणांना छापील टिपणं घरी नेऊन वाचायला दिली. वीस जणांना वाचनालयाच्या हॉलमध्ये तिने स्वतः केलेला चाळीस मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गटांना तीच वीस प्रश्नांची परीक्षा. व्हिडिओ सरस ठरला, तर वाचनालयाच्या हॉलमधली कपाटं हटवून तिथे कायमचा पडदा लागणार होता.

वाचणाऱ्यांना सरासरी पंधरा गुण पडले, पाहणाऱ्यांना दहा.

पंधरा ऑगस्टला कॉलेजच्या झेंडावंदनाला गायत्रीबाई पाहुण्या होत्या. भाषणात म्हणाल्या, पडदा लावून दिला म्हणजे शिकवणं होत नाही, दुसऱ्याला वाचायला लावायचं तर आधी स्वतः वाचावं लागतं. दोनशे मुलं हसली. रश्मी तिसऱ्या रांगेत बसली होती. तिला पुढे ठेवायचं नाही, असं प्राचार्य वीरेंद्र यांनी त्यानंतरच ठरवलं.

फोन ठेवून गायत्रीबाईंनी पांढुर्ण्याची बस पकडली.

उत्तरपत्रिका त्यांनी टेबलावर पसरल्या. पहिल्या बारा प्रश्नांत दोन्ही गट सारखेच होते. पाहणाऱ्यांपैकी सोळा जणांचा तेराव्यापासून पुढे कागद कोरा. उरलेल्या चौघांना मात्र सतरा-सतरा गुण.

"व्हिडिओ मधेच बंद पडला होता?"

"नाही. शेवटपर्यंत चालला. मी पडद्याकडे तोंड करून प्रोजेक्टरपाशीच होते. दिवे बंद. संपल्यावर वायरी आवरून वळले, तोवर मुलं निघून गेली होती."

"तेराव्या प्रश्नाचं उत्तर कितव्या मिनिटाला येतं?"

"सव्विसाव्या."

"सुरू किती वाजता केला?"

"दोन दहाला. मी सकाळी अकराची वेळ मागितली होती. मुकुंदभाऊ म्हणाले, सकाळी हॉलमध्ये पुस्तकांची मोजणी आहे."

"आणि गट कोणी पाडले?"

"त्यांनीच. चिठ्ठ्या टाकून."

मुकुंद म्हणजे आताचा ग्रंथपाल. अकरा वर्षं गायत्रीबाईंच्या हाताखाली तयार झालेला. त्यांनी पाहणाऱ्यांची यादी मागवली. मुकुंदच्या अक्षरात वीस नावं होती. ना अकारविल्हे, ना हजेरी क्रमांकाने. बाईंनी ती दोनदा वाचली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली. काय दिसलं, ते रश्मीला सांगितलं नाही.

मग तिगावहून येणाऱ्या डिंपलला बोलावलं.

"व्हिडिओ पूर्ण पाहिला?"

"हो."

"मग तेरावा प्रश्न कोरा काहून?"

डिंपल चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. "बाई, दोन पन्नासची गाडी सुटली तर संध्याकाळलोक स्टेशनावर बसा लागते. आम्ही मागच्या दारानं निघालो. नेहमीच निघतो."

"मॅडमला सांगितलं काहून नाही?"

"गैरहजेरी लागली असती. मंग सारं त्यायच्यावर आलं, तवा तर तोंडच उघडवेना."

गाडीच्या मुलांनी न विचारता हॉलच्या मागच्या दाराने निघावं, ही मुभा गायत्रीबाईंनीच दिलेली होती. यंदाच आलेल्या रश्मीला ती कोणी सांगितली नव्हती.

दुपारी त्यांनी प्राचार्यांना वाचनालयात बोलावलं. रश्मी होती, मुकुंद होता.

"मुकुंद, चिठ्ठ्या टाकल्या होत्यास?"

"टाकल्या नं, बाई."

"मग आधी तिगावचे सगळे, त्यानंतर पुढच्या स्टेशनचे, त्यानंतर त्याच्याही पुढच्या स्टेशनचे, अशा ओळीनं चिठ्ठ्या निघाल्या?"

गायत्रीबाई प्राचार्यांकडे वळल्या.

"सर, गाडीच्या मुलांना पुस्तकं आधी मिळावी म्हणून त्यांची कार्डं वेगळ्या खणात असतात, स्टेशनवार लावलेली. तो खण मी केला. पहिल्या वर्षाला गाडीनं येणारे सोळाच आहेत. सोळाही एकाच गटात पडले, आणि यादीत खणाच्याच क्रमानं उतरले. संशय येऊ नये म्हणून गावातले चार जोडले. मग अकराची वेळ दोन दहावर नेली. मुलं पंचवीस मिनिटांनी उठणार, अंधारात कोणाला दिसणार नाहीत, हे फक्त याला माहीत होतं. जे चौघं बसून राहिले, ते वाचणाऱ्यांपेक्षाही पुढे गेले. रश्मीच्या व्हिडिओत खोट नव्हती."

प्राचार्यांनी मुकुंदला विचारलं, खरं काय?

तो बाईंकडे पाहत म्हणाला, "जूनमंदी फोनवर तुमीच म्हनलं होतं. व्हिडिओ जिंकला तं वाचनालयाले कुलूप लागलं समज. मुकुंदा, काहीतरी कर. मी केलं."



"म्हणाले होते," गायत्रीबाई म्हणाल्या. "काय करशील, ते मी विचारलं नाही. निकाल आला तेव्हाही विचारलं नाही. मला तो हवा होता, सर."

त्या रश्मीकडे वळल्या. हात जोडले, पण मान वर झाली नाही. रश्मी म्हणाली, "राहू द्या, बाई." त्या स्वरात राग असता, तर त्यांना बरं वाटलं असतं.

सप्टेंबरमध्ये रश्मीने नव्या धड्यावर पुन्हा परीक्षा घेतली, सकाळी अकराला, चिठ्ठ्या मुलांकडून उचलवून. दोन्ही गटांत अर्ध्या गुणाचा फरक पडला. हॉलमध्ये पडदा लागला, पुस्तकांची कपाटंही राहिली. मुकुंदला कार्यालयात आवक-जावक टेबलावर बसवलं. तो बाईंना फोन करत नाही. डिंपल आता तिसऱ्या वर्षाला आहे. रश्मी वर्षभर राहिली आणि मग लोधीखेड्याच्या एका शाळेत कायम झाली.

गायत्रीबाईंनी प्राचार्यांना एकदा म्हटलं होतं की जे दोनशे मुलांसमोर बोलले, ते दोनशे मुलांसमोरच मागे घेते. ते म्हणाले, जाऊ द्या बाई, झालं गेलं. बाईंनी जाऊ दिलं. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर आपल्याला हायसं वाटतंय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि सौसर येईपर्यंत त्यांनी डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून ठेवला.