गडग्यापलीकडचा बेहडा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बेहडा आडवा झाला. साल २०४७, महिना मार्च.

कापला खारूने. खारू म्हणजे चारशे किलोंचं, सहा पायांचं यंत्र. वणव्याच्या भीतीने वाळकी झाडं काढायला गावाने ते आणलं होतं. आसपासची रोपं चिरडू नयेत म्हणून त्याने खोड दोरांवर तोलून अलगद खाली ठेवलं. कापण्याआधी सालीला संवेदक (स्पर्शावरून माहिती टिपणारं उपकरण) लावून रीतसर विचारलंही होतं, "रस वाहत नाही. झाड जिवंत की मेलेलं?"

आज उत्तर द्यायची पाळी अकरा वर्षांच्या कनका गोताडची होती. "वठलंय. काढ," ती म्हणाली होती.

आता त्याच खोडातून टकटक ऐकू येत होती.

"खारू, मेलेल्या झाडात आवाज कसला?"

"हा प्रश्न माझ्या कामात बसत नाही."

"एवढा मोठा धोंडा, नि उत्तर बघा कसं कचेरीतल्या साहेबासारखं!" रोपवाटिका सांभाळणाऱ्या इंदुकाकी म्हणाल्या. पण त्याही हसल्या नाहीत.

कनकाचे आजोबा वनस्पतिशास्त्रज्ञ. ते खोडाशी गुडघ्यांवर बसले. सालीत बोटभर रुंदीची उभी फट होती आणि फटीत पिवळ्या चोचीचं टोक हलत होतं.

"धनेशाची मादी," ते हळूच म्हणाले. "अंडं घालायला ही आत शिरली, मग हिने विष्ठा आणि फळांच्या गराने ढोलीचं (खोडातल्या पोकळीचं) तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेतलं. साप, माकड आत येऊ नयेत म्हणून. नर बाहेरून फटीतून भरवतो."

"मग फोडून सोडू या ना हिला!"

"उडणार कशी? आत बसल्यावर ती पंखांची पिसं गाळते. नवी यायला महिना तरी जाईल. तोवर तिचं सगळं जगणं त्या नरावर."

कनकाने बॅटरी फटीशी धरली. तळाशी अंड्याचं कवच फुटून पसरलं होतं. तिने बॅटरी विझवली.

बारा वर्षांपूर्वी देवराई आणि तिच्या कडेची चार जुनी झाडं सोडली, तर इथे नुसता कातळ आणि गवत होतं. गावाने देवराईतल्या बिया वेचून, रोपं करून, नऊ हजार झाडं जगवली. रानजायफळाचं मोठं बी मात्र आपणहून कुठे जाईना. दरवर्षी माणसांनीच ते टोपलीतून डोंगरावर न्यायचं. धनेश असं फळ अख्खं गिळतो आणि बी दोन-तीन किलोमीटरवर टाकतो. म्हणून यंदा जोडी दिसली, तेव्हा इंदुकाकींनी गावभर साखर वाटली होती. घरटं कुठे आहे, ते कुणालाच सापडलं नव्हतं.

"दुसरी ढोली शोधतील ना, आजोबा? एवढी झाडं आहेत."

"धनेशाला लाकूड कोरता येत नाही. फांदी मोडते, जखमेतून बुरशी शिरते, आतला गाभा हळूहळू कुजतो, तेव्हा ढोली होते. त्याला शंभर-शंभर वर्षं लागतात. आपली झाडं बारा वर्षांची. झाड लावता येतं गं, ढोली लावता येत नाही."

देवराईतली वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही, हा गावाचा नियम. तो कुणी मोडला नव्हता. बेहडा देवराईच्या गडग्याबाहेर (दगडी कुंपणाबाहेर) बारा पावलांवर होता, एवढंच.

"नियम पाळला म्हणून समाधानी होतो आपण," इंदुकाकी म्हणाल्या. "पाखराला गडगा काय ठाऊक?"

"मीच सांगितलं, वठलंय म्हणून," कनका म्हणाली.

"वठलेलंच होतं, बाळा," आजोबा म्हणाले. "विचारायचं हे होतं की आत कोण राहतंय. ते आम्ही खारूलाही शिकवलं नाही आणि तुलाही."

दुपारी खारूने खोडाचा ढोलीचा तुकडा कापून शेजारच्या सातविणीवर, पूर्वीच्याच उंचीवर चढवला. आजोबांनी तो दोरांनी बांधून घेतला, फट पूर्वीसारखी दरीकडे केली. इंदुकाकींनी गडग्याबाहेरच्या सगळ्या वठलेल्या झाडांना चुन्याचे पट्टे ओढले: हात लावायचा नाही. मग सगळे लांब जाऊन बसले. माणूस दिसला तर नर येत नाही. उद्या सकाळपर्यंत त्याने भरवलं नाही, तर मादीला बाहेर काढून पिंजऱ्यात ठेवावं लागेल.

सहा वाजायला वीस मिनिटं असताना नर आला. जिथे बेहडा होता, त्या मोकळ्या जागेवर त्याने तीन घिरट्या घातल्या आणि समोरच्या आंब्यावर बसला.

कनकाने दुर्बीण डोळ्यांना लावली. सहा वाजून पाच मिनिटांनी तो तिथेच होता. वडाचं फळ अजून त्याच्या चोचीत होतं.