कॉबची राख

“हिनंच जाळलं! संध्याकाळी पोलिसांच्या ताब्यात देतो हिला!” शब्दकोशाचे संपादक डॉक्टर थॅकवेल मदतनीस विनिफ्रेडकडे बोट रोखून ओरडले.

ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या या घरात तीस वर्षं शब्दकोशाचं काम चालू होतं. आज शेकोटीत ‘कॉब’ या शब्दाच्या नोंदी असलेल्या चिठ्ठ्यांची राख होती. विनिफ्रेडनं घाबरून बोलावलेली खाजगी गुप्तहेर एडिथ हार्बिन राखेपाशी वाकली. तिचा मित्र, निवृत्त सार्जंट पेल, केकचं पुडकं धरून उभा होता.

“कॉब! एवढ्याशा शब्दासाठी एवढं रामायण?” पेल पुटपुटला.

“एवढासा?” डॉक्टर दुखावले. “नर हंस कॉब, ठेंगणा घोडा कॉब, गोल पाव कॉब, मातीची भिंतही कॉब! सगळ्यांचं मूळ एकच, गोल गोळा. माझा सिद्धांत आहे तो.”

बोलता बोलता त्यांनी पेलच्या हातून पुडकं घेतलं, गाठ हळूच सोडवली, दोरी दोन बोटांवर गुंडाळून टेबलावरच्या दोऱ्यांच्या डब्यात टाकली.

“मी का जाळीन, सर?” विनिफ्रेड हुंदका आवरत म्हणाली. “डेव्हनहून आलेल्या नव्या चिठ्ठ्या परवा मीच दिल्या ना तुम्हाला?”

“हिला गठ्ठा सोडायलाही कात्री लागते,” उपसंपादक क्रॅबट्री हसला.

“आणि तुम्हाला चाकू!” विनिफ्रेड उसळली.

“ही तांबडी दोरी कशासाठी?” एडिथनं डब्यात डोकावत विचारलं.

“पूर्ण झालेल्या शब्दासाठी,” क्रॅबट्री म्हणाला. “छपाईपर्यंत सोडायची नाही. कॉबखेरीज सगळे तांबडे गठ्ठे जागेवर आहेत. मोजलेत मी.”

एडिथनं डब्यातून तांबडी गुंडाळी काढली.

“मग ही कॉबचीच. या दोघांनी कापली असती. ही सोडवलीय, दोन बोटांवर गुंडाळलीय. कागद जाळतानाही दोरी वाचवणारा हात या घरात एकच आहे, डॉक्टर. आत्ताच पाहिला मी तो.”

पेलनं आ वासला. “स्वतःचंच काम?”

डॉक्टर राखेकडे वळले.

“डेव्हनच्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या. भिंतीच्या ‘कॉब’चं मूळ वेगळंच निघालं. तीस वर्षं मी सांगत आलो, ही एका आईची लेकरं. ती नुसती शेजारी निघाली.”

“म्हणून मी तुरुंगात जायचं?” विनिफ्रेडनं विचारलं.



तिनं एडिथच्या हातून गुंडाळी घेतली, टेबलावरची कात्री उचलली आणि दोरी मधोमध कापली.

डॉक्टरांनी डोळे गच्च मिटले.