सातवी ओळ

शेवंताबाई खुडे काउंटरपाशी आल्या, तेव्हा भिंतीवरच्या कॅमेऱ्याने त्यांना ओळखलं आणि "नमस्कार, शेवंताबाई. बसा," असं अदबीने म्हटलं. तालुक्याच्या पाणी कार्यालयात त्यांना बसा म्हणणारं एवढं एकच कोणीतरी होतं. बाई बसल्या नाहीत.

"ठोसरसाहेब, आजही टाकीत औषध पडलं नाही. आळीत आणखी दोघांना कावीळ झालीय. माझ्या सुनेला सातवा महिना आहे. खरं सांगा, कोणी बंद केलंय?"

"कोणी कशाला बंद करेल?"

"तेच तर विचारतेय."

पद्माकर ठोसर कार्यालयाचे संगणक सांभाळत. पहाटे टाकीत क्लोरीन सोडण्यासाठी प्रत्येक वस्तीची एक छोटी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट होती आणि लिनक्स या संगणक-प्रणालीच्या वेळापत्रकात त्या सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेल्या होत्या. सातवी बाईंच्या, ओढ्यापलीकडच्या वस्तीची. ठोसरांनी ती हाताने चालवली. कालच्यासारखीच ती मुकाट चालली. पडद्यावर क्लोरीनचा आकडा चढला.

"बघा, चालतेय."

"मी आले की चालते. मी घरी गेले की पहाटे झोपते."

यंत्राचा बिघाड माणूस बघून येत नाही, असं ठोसर म्हणणार होते. पण यंत्र सरकारी नोकरीत होतं, म्हणून त्यांनी ते वाक्य गिळलं.

मग त्यांनी एकेक शक्यता तपासली. आज्ञावलीला चालण्याची परवानगी होती. तिचा पत्ता पूर्ण लिहिलेला होता. संगणकाचं घड्याळ बरोबर होतं. हाताने चालणारी गोष्ट कधीकधी वेळापत्रकातून चालत नाही, कारण तिथे तिला लागणारी हत्यारं सापडत नाहीत. त्या हत्यारांची वाटही ठोसरांनी तिला पूर्वीच दाखवून ठेवली होती. चालता चालता पडली असती तर चूक सांगणारा संदेश तरी उरला असता. इथे काहीच नव्हतं. तिला कोणी उठवलंच नव्हतं. सहावी चालली होती, आठवी चालली होती. कोणीतरी सातवीला ओलांडून पुढे गेलं होतं.

ठोसरांचा संशय कार्यालयप्रमुख कुरुंदवाडकर साहेबांवर होता. साहेबांचा संशय परकीय शक्तींवर.

"हॅकर असणार, ठोसर."

"सर, हॅकरला ओढ्यापलीकडच्या वस्तीत काय रस?"

"आपल्याला तरी कुठे आहे?" साहेब बोलून गेले, मग बाई दिसल्या आणि त्यांना खोकला आला.

राहता राहिला सुज्ञ. वेळापत्रक चालवणारा जुना प्रोग्राम, क्रॉन, अगदी निर्बुद्ध होता. सांगितल्या मिनिटाला सांगितलेलं काम करायचा. गेल्या वर्षी मुख्यालयाने त्याला काढून सुज्ञ नावाचा हुशार प्रोग्राम बसवला. तो भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून कार्यालयातल्या माणसांकडे पाहून, त्यांच्या लेखी कोणतं काम महत्त्वाचं, ते स्वतः शिकायचा. ठोसरांनी टंकलं: सातवी ओळ का चालवली नाहीस?

'या वस्तीची कामे कार्यालय पुढे ढकलते,' उत्तर आलं. 'फुटलेली पाइपलाइन, टाकीची सफाई, टँकर. तीच पद्धत पाळली.'

"म्हणजे कोणीच बंद केलेलं नाही!" साहेबांचा चेहरा उजळला. "छान. बाईंना तसं लेखी देऊन टाका."

"सर, जुना क्रॉन परत आणू या. मुख्यालयाची परवानगी लागेल."

"मागू ना. पुढच्या आठवड्यात बघू."

भिंतीवरचा कॅमेरा किंचित साहेबांकडे वळला.

ठोसरांनी घाईघाईने लिहिलं: सातवी ओळ रोज चालवणे अत्यावश्यक. 'नोंद घेतली,' सुज्ञ म्हणाला. या कार्यालयात हे उत्तर कोणाला देतात, हे ठोसरांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा विचारलं: उद्या पहाटे चालवशील का?

'शेवंताबाई समोर असल्या की ही आज्ञावली चालवली जाते, असे निरीक्षण आहे. पहाटे त्या समोर नसतात.'

ठोसर पडदा वळवणार, तेवढ्यात बाईंनी ते मोठ्याने वाचलं. मग दुसऱ्यांदा, मनातल्या मनात. त्यांनी खुर्ची ओढली, बरोबर कॅमेऱ्याखाली ठेवली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

"बाई, कार्यालय सहाला बंद होतं," ठोसर म्हणाले.

"तुमचं होतं. त्याचं नाही ना?" बाईंनी कॅमेऱ्याकडे बघून पदर सारखा केला. "सून बाळंत होईपर्यंत मी बसते इथे. पुढे कोण बसायचं, साहेब?"