डावीकडचा धोटा

आमच्या कांचीपुरमच्या पिळ्ळैयारपाळयमात, विणकरांच्या वस्तीत, तेव्हा सकाळी सगळी गल्ली रेशमाच्या ताण्यांनी, मागावर चढवायच्या उभ्या धाग्यांनी, भरलेली असे. बकऱ्या, ताकवाली, सगळे त्यांच्याखालून वाकून जात. ताण्याला लावलेल्या पेजेचा आंबूस वास मला अजून येतो.

मी भातशेतीच्या गावातून लग्न होऊन आलेली. मागाचं काही कळत नसे. आमचे हे, एकांबरम, उजवीकडे बसत. डावीकडे थोरले दीर. निराळ्या रंगाचा काठ साडीत गुंतवायचा तर आडवा धागा नेणारे धोटे दोन्ही बाजूंनी टाकायला दोन माणसं लागतातच. विणणारा ताण्यावरून नजर काढत नाही. डावीकडचं माणूस तो धाग्याच्या ओढीवरून ओळखतो.

दीर भांडून सेलमला निघून गेले. हे नुसतं "बघू" म्हणाले. मनात आलं, मी बसते म्हणावं. धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मागाच्या खोलीच्या बंद दाराआडून दोन धोटे ऐकू आले.

शेजारच्या कुप्पम्माळ अक्काने नव्या काठावरून बोट फिरवलं. "हा हात बाईचा आहे गं, मरगदम."

"कोण असेल, अक्का?"

"मला विचारतेस? नवरा तुझा, दार तुझं. तू बस चिंचा सोलत."

मागच्या गल्लीत नवऱ्याने टाकलेली एक विणकरीण राहायची. माझा संशय तिच्यावर. परकी बाई एकदा मागावर बसली, की घरात बसायला तिला वेळ लागत नाही.

त्या खोलीला एकच दार. मी सकाळपासून त्याच्यासमोर ओट्यावर बसून राहिले. हे एकटेच आत गेले. थोड्या वेळाने दोन धोटे सुरू झाले.

मी दार ढकललं.

डावीकडे कोणी नव्हतं. धोटा काठाशी पडलेला.

"मध्येच का उठलीस?" ह्यांनी मान वर केली नाही. "काठ सैल पडला बघ."

"मी?"

"नाही, माझी सासू. बस लवकर. त्या दिवशी तोऱ्यात म्हणालीस ना, मी बसते म्हणून?"

मी तसं कधीच म्हटलं नव्हतं. फक्त मनात आलं होतं.

पण जागा माझी होती. मी जाऊन बसले. धोटा उचलून जमेल तसा टाकला.

ह्यांचे हात थांबले. नजर ताण्यावरच.

"कोण आहे?"

मी धोटा पुन्हा टाकून पाहिला.

"मरगदम," ह्यांनी दाराकडे हाक मारली, "जरा आत ये गं. डावीकडे कुणी परकी येऊन बसलीय."

बाहेर ओट्यावर बांगड्या वाजल्या.

"आले हं," माझाच आवाज म्हणाला.