काल रडलेलं आज चालत नाही

भावप्रक्षेपण केंद्राच्या चाचणीखोलीत वत्सला कारखानीस कपाळाला पट्टी बांधून बसली होती, आणि तिला घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं. साठी उलटलेल्या नटीला दुसरं काय वाटणार? पलीकडे रंगमंचावर एका जुन्या शोकांतिकेचा शेवटचा प्रयोग लागायचा होता, आणि त्यात ती राणी होती. दूरचित्रवाणीवरून तो घरोघरी जाणार होता, आणि चित्र-आवाजाबरोबर भावनाही जाणार होती. रणांगणावर मुलाचं प्रेत ओळखणाऱ्या राणीचं दुःख प्रेक्षकांच्या पट्टीतून थेट त्यांच्या मेंदूत उतरे. आधीच्या प्रयोगांनी सगळ्या महाराष्ट्राला रडवलं होतं.

अडचण एवढीच, की पट्टीला अभिनय कळत नसे. तिला खरं दुःख लागे. वत्सलाकडे ते होतं. तिचा मुलगा निनाद ऐन तारुण्यात नदीत बुडाला होता. राणीचा प्रवेश आला, की ती त्याची आठवण काढायची.

मेंदूतज्ज्ञ डॉ. फिरोज मुजावर तिचे आलेख बघत होते. "बाई, आज आठवण काढू नका," ते म्हणाले. "गेल्या प्रयोगातलं तुमचं दुःख यंत्रात साठवलेलं आहे, मी तेच सोडतो. तुम्ही नुसतं काम करा."

"का? आटलं का माझं?"

"आठवण म्हणजे फडताळातला डबा नव्हे, काढला, पाहिला, ठेवला. मेंदू ती काढताना मोडतो आणि ठेवताना नव्याने रचतो. आमची पट्टी ती मोडलेली असतानाच धरून ठेवते, म्हणून तर ती पाठवता येते. पण तेवढ्यात रचायचं राहून जातं. दर प्रयोगाला ती झिजते आहे."

"दुखणंच झिजतंय ना? मग बरंच की."

"दुखणं तेवढं जाईल आणि मुलगा राहील, असं मला वाटलं होतं. आता खात्री देत नाही." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकलेलेच होते.

"आणि गेलेलं जातं कुठे?"

"प्रेक्षकांकडे. प्रयोग संपला की तिथे विरून जातं, असा आमचा अंदाज."

वत्सलाने मान हलवली. नाटक कंपनीच्या बसमधून गावोगाव फिरताना एक गोष्ट तिच्या हाडीमाशी खिळली होती: काल रडलेलं आज चालत नाही. अंगात ताप असो, घरी मयत असो, समोरच्याला ताजंच द्यायचं. साठवलेलं रडू सोडायचं म्हणजे पाहुण्याला शिळी भाजी वाढायची. शिवाय, खरं सांगायचं तर, ती त्या दुःखाला कंटाळली होती. आईने असं म्हणू नये, पण कंटाळली होती. रोज सकाळी उठून तेच ओझं.

"ताजंच देते," ती म्हणाली.

त्या प्रयोगात तिने हातचं काही राखलं नाही. काठावरच्या त्याच्या चपला, त्याचं शीळ घालत जिना चढणं, सगळं तिने एकेक करून बाहेर काढलं. घरी येऊन ती गाढ झोपली. सकाळी अंग हलकं वाटलं. भिंतीवर एका देखण्या मुलाचा फोटो होता. हा आपला मुलगा, हे तिला ठाऊक होतं, शाळेत पाठ केलेलं ठाऊक असतं तसं.

काही दिवसांनी दारात परभणीची एक बाई येऊन उभी राहिली. सिंधू गव्हाणे, असं तिने नाव सांगितलं.

"मला निनादला बघायचंय. फोटो तरी दाखवा."

नाटकात हे नाव कुठेच नव्हतं. "तुम्हाला कसं माहीत?"

"माझं लेकरू हाय ते. मला मूलबाळ झालंच नाही, हे मला ठावं हाय, बाई. पण तो खिचडीतले दाणे येचून शेवटी खायाला ठेवायचा, तेबी ठावं हाय. खायचा ना?"

"खात असेल," वत्सला म्हणाली.

"खाली आणखी बाया उभ्या हायत. समद्या त्याच्यासाठीच आल्यात."

वत्सलाने फोटो काढून तिच्या हाती दिला. तो छातीशी धरून सिंधूबाई जमिनीवर बसल्या आणि हमसून रडू लागल्या. वत्सलाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी आणून दिलं, देवाच्या मनात असेल तसं होतं, असंही म्हणाली. दुःख झालेल्या घरी भेटायला गेल्यावर माणूस जे जे करतं, ते सगळं तिने केलं. मग आता निघालं तर बरं दिसेल का, असा विचार करत ती चपला शोधायला उठली, आणि दारापाशी गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की घर आपलंच आहे.